पडता पडता उभी राहणारी गाडी : दुचाकीच्या तोलाचा इतिहास



आजचा विषय तुमच्यापैकी बहुतेकांनी बाहेर स्टँडवर लावून ठेवलेला आहे. सायकल असेल, स्कूटी असेल, मोटारसायकल असेल. एकामागे एक दोन चाकं आणि वर माणूस. स्टँड काढून सोडली तर क्षणात आडवी होते, चालवायला लागलो की उभी राहते. ती उभी का राहते, एवढाच आजचा प्रश्न.

दिसतो तितका हा प्रश्न साधा नाही. पहिली दुचाकी रस्त्यावर आली १८१७ साली. तिच्या तोलाचं व्यवस्थित गणित मांडलं गेलं १८९९ साली, म्हणजे ८२ वर्षांनी. आणि त्या गणितावरून निघालेला एक मोठा गैरसमज प्रयोगाने दूर झाला तो २०११ साली, अगदी आपल्या डोळ्यांदेखत. या सगळ्या काळात लोक मात्र सायकल शिकत होते आणि शिकवत होते. म्हणजे इथे दोन इतिहास आहेत. एक कागदावरचा, दुसरा रस्त्यावरचा. नांदेड-लातूरकडे हे दोन्ही एकमेकांना फारसे भेटलेच नाहीत, आणि त्याची किंमत आपण मोजतो आहोत. ती कशी, तिथे मी शेवटी येणार आहे.

सुरुवात शिकवणाऱ्यापासून करू. आपल्याकडे सायकल शिकताना मागून कॅरिअर धरून पळणारा कुणीतरी असतो. मोठा भाऊ, मामा, गल्लीतला मित्र. तो ओरडून काय सांगतो? ‘जिकडं पडायलास, तिकडंच हँडल वळव!’ शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं. डावीकडे पडतोय तर हँडल उजवीकडे ओढून स्वतःला वाचवावं, असं मन सांगतं. तसं केलं की तो हमखास पडतो. चार वेळा गुडघे फुटले की मग हाताला कळतं. एकदा कळलं की जन्मभर विसरत नाही.

या एका वाक्यात जवळजवळ सगळं शास्त्र आहे. तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ तुम्ही केला असेल. काठी डावीकडे कलली की हात डावीकडे नेता. म्हणजे काठीला ओढून सरळ करत नाही, तिच्या खालचा आधार सरकवून तिच्याखाली नेता. सायकलचंही तेच आहे. माणूस आणि सायकल मिळून झाली काठी, आणि चाकं म्हणजे तळहात. डावीकडे कललात, हँडल डावीकडे वळवलंत, की चाकं डावीकडे जातात आणि तुमच्या वजनाखाली येतात. तोवर तुम्ही दुसरीकडे थोडे कलता, पुन्हा चाकं तिकडे जातात. दुचाकी सतत पडत असते आणि पडता पडता सावरत असते. ओल्या चाकाने कोरड्या फरशीवर सायकल चालवून बघा. कितीही पटाईत असलात तरी उमटलेली रेघ सरळ नसते, नागमोडी असते.

आता डोंबारी आठवा. दोरीवरच्या मुलीच्या हातात लांब काठी असते. कारण तिच्या पायाखालची दोरी तिला बाजूला नेता येत नाही. आधार हलवता येत नाही म्हणून तिला अंग आणि काठी हलवावी लागते. सायकलवाल्याला काठी लागत नाही, कारण त्याचा आधारच हलतो. तोलाच्या या दोन वेगळ्या रीती आहेत आणि त्यांची गल्लत झाली की सायकल कळत नाही. ‘अंग सांभाळ, तोल सांभाळ’ असं नवशिक्याला सांगून फारसा उपयोग होत नाही तो यामुळेच. त्याने हँडल सांभाळायला हवं.

याचा पुरावा आपल्या काळ्या मातीतच आहे. पावसाळ्यात बैलगाड्या जाऊन जाऊन कच्च्या रस्त्यावर खोल चाकोऱ्या पडतात. ऊन लागलं की त्या विटेसारख्या कडक होतात. सायकलचं पुढचं चाक अशा चाकोरीत गेलं की काय होतं? रस्ता सरळ आहे, वेग आहे, दोन्ही चाकं फिरतायत, तरी माणूस दोन-चार हातांवर आडवा होतो. कारण चाकोरीच्या भिंती चाकाला बाजूला सरकू देत नाहीत. फिरत्या चाकांमुळेच सायकल उभी राहत असती तर चाकोरीतही ती उभी राहायला हवी होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता इतिहासाकडे वळू. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइम शहरातून कार्ल फॉन ड्राइस नावाचा माणूस लाकडी दुचाकीवर बसून निघाला. पॅडल नाही, साखळी नाही. जमिनीला पाय मारत पुढे जायचं. हान्स-एर्हार्ड लेसिंग या इतिहासकाराचं म्हणणं असं की, १८१५ साली तांबोरा ज्वालामुखी फुटला, १८१६ साली युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, घोड्यांना चारा मिळेना, आणि त्या टंचाईतून बिनघोड्याच्या वाहनाचा विचार पुढे आला. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. पण चारा छावण्या पाहिलेल्या मराठवाड्याला यातला तर्क समजावून सांगावा लागत नाही.

ड्राइसच्या गाडीत एक गोष्ट महत्त्वाची होती. तिचं पुढचं चाक वळत होतं. ते फक्त दिशा बदलण्यापुरतं होतं असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात पाय उचलून उतारावर गाडी सोडली की तोलही त्या वळणाऱ्या चाकानेच राहत होता. पुढे १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पॅडल आलं. मग पुढे भलंमोठं आणि मागे चिमुकलं चाक असलेली उंच सायकल आली. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि साखळी मागच्या चाकाला. आपण आज चालवतो तिचाच हा साचा. १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं.

याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत शिकवत होते. ते तिथून सायकली पाठवत आणि रामुअण्णा बेळगावात त्या विकत. विकत म्हणजे नुसत्या विकत नसत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. पुढे नांगर, पंप, किर्लोस्करवाडी हे सगळं झालं, ते आपल्याला माहीत आहे. पण मराठी मुलखातल्या एका मोठ्या उद्योगाची सुरुवात लोकांना तोल शिकवण्यातून झाली, हे सहसा कुणी सांगत नाही. यंत्र विकायचं असेल तर ते चालवायचं ज्ञानही सोबत द्यावं लागतं, हे त्या दुकानाला समजलं होतं.

मराठवाड्याची गोष्ट जरा वेगळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांदेडला मनमाड-हैदराबाद मीटरगेज आली. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज पोचली. रुळाची गाडी आधी आली, पण ती ठरलेल्या ठिकाणीच जाणार. स्टेशनापासून गावापर्यंत, गावापासून शेतापर्यंत पाय नाहीतर बैल. तिथे सायकल उपयोगी पडली. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली सोनिपतला अ‍ॅटलस आणि १९५६ साली लुधियानाला हिरो सायकल सुरू झाली. मग सायकल शिक्षक, तलाठी, पोस्टमन, दूधवाला यांच्या हातात आली. आणि मुलांच्या हाती आली ती तासावर भाड्याने मिळणारी सायकल.

ती सायकल मोठ्या माणसाची. सीटवर बसलं तर पाय पोचत नाहीत. मग मुलांनी कैची शोधून काढली. दांड्याखालच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडे घालायचा, डाव्या हाताने हँडल धरायचं, उजव्या काखेत सीट दाबायची आणि अर्धं-अर्धं पॅडल मारायचं. तुम्ही कैचीवरचा मुलगा मागून पाहिला असेल. मुलगा डाव्या बाजूला लोंबकळतोय आणि सायकल उजवीकडे तिरकी झाली आहे. तरी पडत नाही. का? कारण मुलगा आणि सायकल या दोघांच्या वजनाचा मिळून जो मध्य होतो, तो टायरच्या रेषेवर येतो. एकटी सायकल सरळ दिसली पाहिजे अशी अटच नाही. त्या मुलाला गुरुत्वमध्य हा शब्द माहीत नव्हता. शाळेत तो नंतर शिकला आणि दोन्हींचा संबंध त्याला बहुतेक कुणी जोडून दिला नाही.

आता कागदावरचा इतिहास. १८६९ साली ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांनी दुचाकीवर लेखमाला लिहिली. डावीकडे वळायचं असेल तर आधी हँडल क्षणभर उजवीकडे न्यावं लागतं, असं त्यांनी नोंदवलं. त्याकडे पुन्हा येऊ. १८९९ साली केंब्रिजचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी फ्रान्सिस व्हिपल याने सायकलच्या तोलाची पूर्ण समीकरणं मांडली. फ्रान्समध्ये त्याच सुमारास कार्व्हालो यांनीही तेच काम केलं. त्यातून निघालेली गोष्ट अशी की, ठरावीक वेगाच्या पट्ट्यात सायकल कुणी न धरताही स्वतःला सावरते. पुढे २००७ साली अभ्यासकांनी ठरावीक मापांची एक नमुना सायकल घेऊन ही समीकरणं पुन्हा तपासली. तिच्यासाठी हा पट्टा ताशी साधारण १५ ते २२ किलोमीटर निघाला. मैदानावर पळत जाऊन सायकल ढकलून सोडली की ती बराच वेळ एकटी जाते ते यामुळे.

पण ती सावरते कशाने? इथे १९१० साल महत्त्वाचं. क्लाइन आणि सोमरफेल्ड या जर्मन विद्वानांचा भोवऱ्याच्या गणितावर मोठा ग्रंथ आहे. त्याच्या त्या वर्षी आलेल्या भागात सायकलचा विचार झाला आणि चाकांच्या भोवऱ्यासारख्या फिरण्याशिवाय सायकल आपोआप सावरू शकत नाही, असा निष्कर्ष निघाला. मूळ विधान मर्यादित होतं. पण ते शाळेपर्यंत येता येता असं झालं की, चाक फिरतं म्हणून सायकल पडत नाही, जशी भोवऱ्याची गोष्ट. लातूरच्या शिकवणीच्या गल्ल्यांत आजही हे उत्तर ऐकायला मिळेल. त्याला कारणही आहे. फिरत्या स्टुलावर बसून हातात सायकलचं फिरतं चाक धरायचा प्रयोग सगळ्यांनी पाहिलेला असतो. चाक तिरकं केलं की माणूस स्टुलासकट फिरतो. प्रयोग इतका डोळ्यांत भरणारा आहे की सायकलचं गूढ उकललं असंच वाटतं. भोवऱ्याचा परिणाम खरा आहे, पण माणूस बसलेल्या सायकलला केवळ त्याच्या जोरावर उभं ठेवण्याइतका तो मोठा नाही. आपल्या चाकोरीने ते आधीच दाखवून दिलं आहे.

१९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने मजेदार गोष्ट केली. चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायला तो बसला. पुढच्या चाकाशेजारी त्याने दुसरं चाक लावलं. ते जमिनीला टेकत नव्हतं आणि उलट्या दिशेने फिरत होतं. म्हणजे भोवऱ्याचा परिणाम कटला. तरी ती सायकल त्याला सहज चालवता आली. एकटी ढकलून सोडली तेव्हा मात्र ती लवकर पडली. मग त्याने पुढच्या चाकाची जागा बदलून पाहिली. हँडलच्या दांड्याची रेषा मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवा. नेहमीच्या सायकलमध्ये चाक जमिनीला टेकतं ती जागा या रेषेच्या थोडी मागे असते. दवाखान्यातल्या स्ट्रेचरची चाकं जशी ओढली की मागे येऊन सरळ होतात, तशी ही रचना. जोन्सने चाक पुढे नेऊन ती उलटी केली, तेव्हा सायकल चालवणं फार अवघड झालं. म्हणून त्याचं मत झालं की मुख्य गोष्ट ही मागे राहणारी टेक आहे.

तुम्ही हे आज घरी करून बघा. सायकलच्या शेजारी उभे राहा, नुसतं सीट धरा आणि सायकल डावीकडे तिरकी करा. हँडल आपोआप डावीकडे वळेल. गल्लीतला भाऊ ओरडून जे सांगत होता, ते सायकल स्वतःच करते.

तरीही गोष्ट संपली नाही. २०११ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि हॉलंडमधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या लोकांनी, त्यात अँडी रुइना आणि आरेंड श्वाब होते, एक विचित्र सायकल बनवली. बारीक चाकं आणि त्यांना काटणारी उलटी फिरणारी चाकं, म्हणजे भोवरा नाही. चाकाची टेक किंचित पुढे, म्हणजे स्ट्रेचरची युक्तीही नाही. ढकलून सोडली तर ती माणसाशिवाय सावरत गेली. त्यांनी तिच्या पुढच्या भागाचं वजन खाली आणि पुढे ठेवलं होतं. बुटकी वस्तू उंच वस्तूपेक्षा लवकर पडते. पेन्सिल तळहातावर तोलता येत नाही आणि लांब काठी तोलता येते, ते यामुळेच. सायकल कलली की बुटका पुढचा भाग आधी पडायला बघतो, आणि तो मागच्या भागाला बिजागरीसारखा जोडलेला असल्यामुळे पडण्याच्या बाजूला वळतो. म्हणजे भोवरा, मागची टेक, वजनाची मांडणी हे वेगवेगळे मार्ग आहेत. नेहमीच्या गाडीत तिन्ही थोडे थोडे हातभार लावतात. काम मात्र एकच, पडते त्या बाजूला हँडल वळवणं.

आपल्याकडे याची साक्ष द्यायला चेतक होती. १९७२ साल म्हटलं की आपल्याला दुष्काळ आठवतो. त्याच साली बजाजची चेतक आली आणि त्याच साली कायनेटिकची लूना आली. चेतकची चाकं दहा इंची, सायकलच्या चाकापुढे अगदीच लहान. इंजिन बरोबर मध्ये नाही, उजव्या बाजूला. पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं. भोवऱ्याच्या हिशोबाने आणि दिसायलाही ही गाडी तोलाला वाईट ठरायला हवी होती. पण नवरा, बायको, पुढे उभा मुलगा आणि मध्ये दळणाचा डबा घेऊन ती मराठवाड्यात वर्षानुवर्षं चालली. इंजिन उजवीकडे म्हणून गाडी मनाने किंचित डावीकडे कलून जायची. कैचीतल्या मुलाने जे केलं तेच चेतक करत होती. १९८५ साली बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकी बनवणं हा मराठवाड्याच्या पोटापाण्याचाही भाग झाला.

आता वेगाकडे येऊ. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्लो सायकलची शर्यत असते. जो शेवटी पोचेल तो जिंकला. बघा, त्यात हँडल कसं इकडून तिकडे फिरत असतं. गणित साधं आहे. हँडल तेवढंच वळवलं तरी सावरणारा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. ताशी १८ किलोमीटरला जे काम हँडलच्या एका हलक्या हिसक्यात होतं, त्याला ताशी ६ किलोमीटरला नऊपट वळवणं लागतं. गावोगाव पूर्वी सात-सात दिवस सायकलवरून न उतरणारे खेळाडू येत. मैदानात गोल फिरत राहायचे, रात्री ट्यूबलाइट आणि लाउडस्पीकरवर गाणी. लोक त्यांच्या जागरणाचं कौतुक करायचे. खरं कसब होतं ते झोपाळलेल्या हातांनी इतक्या कमी वेगात हँडल बोलतं ठेवण्याचं.

वेग वाढला की उलट होतं. आता रँकिनच्या त्या नोंदीकडे येऊ. डावीकडे वळायचं तर गाडी आधी डावीकडे कलली पाहिजे, नाहीतर वळणावर ती बाहेर फेकली जाईल. कलवायची कशी? चाकं उजवीकडे काढून घ्यायची. म्हणजे हँडलला क्षणभर उजवीकडे हलका झटका. हे तुम्ही रोज करता आणि तुम्हाला ते माहीत नसतं. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं. त्यातल्या विल्बर राइटने डझनावारी सायकलवाल्यांना विचारलं की डावीकडे कसे वळता, आणि पहिल्याच झटक्यात पूर्ण बरोबर सांगणारा त्याला एकही भेटला नाही.

करून बघायचं असेल तर दिवसाउजेडी, रिकाम्या सरळ रस्त्यावर, हेल्मेट घालून, ताशी तीसच्या आसपास डाव्या मुठीला तळहाताने अगदी हलकं पुढे ढकला. गाडी डावीकडे कलेल आणि डावीकडे जाईल.

हे कशाला माहीत हवं? कारण नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरकडे जाणारा रस्ता आता पूर्वीचा राहिला नाही. गाड्याही लूनासारख्या राहिल्या नाहीत. समोर अचानक म्हैस आली किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली वळली. उजवीकडून निघायचंय. घाबरलेला माणूस काय करतो? हँडल सरळ उजवीकडे ओढतो. त्या वेगाला त्याचा परिणाम असा की गाडी डावीकडे कलते, म्हणजे ज्याला चुकवायचं त्याच्याकडेच जाते. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांचा मोटारसायकल अपघातांवरचा अहवाल आला. लॉस एंजलिस भागातल्या ९०० अपघातांचा जागेवर जाऊन केलेला तो अभ्यास. त्यात दिसलं की वाचण्यासाठी चालकाला साधारण दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो. त्या वेळात बहुतेक जण मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवतात, पुढचा ब्रेक पुरेसा वापरत नाहीत, आणि उलटा झटका देऊन बाजूला काढण्याचं कसब तर जवळपास कुणातच दिसलं नाही.

पुढच्या ब्रेकची भीती आपल्याकडेही आहे. ‘पुढचा ब्रेक लावू नको, तोंडावर पडशील’ हे सायकलच्या दिवसांपासून कानावर आलेलं. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढचंच चाक करू शकतं. धोका आहे तो चाक जाम होण्याचा. आणि आता हे का, ते तुम्हीच सांगू शकाल. जाम झालेलं चाक घसरतं, घसरणारं चाक बाजूला नेता येत नाही, आणि चाक बाजूला नेता आलं नाही की तोल गेला. चाकोरीतली सायकल आणि जाम चाकाची मोटारसायकल एकाच कारणाने पडतात. एबीएस नावाची व्यवस्था हेच टाळते, चाक फिरतं ठेवते. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना ती सक्तीची आहे. लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची व्यवस्था पुरेशी धरली गेली, आणि आपल्या भागात चालतात त्या बहुतेक लहानच.

वळणाचा हिशोबही ऐका. ४५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी ५४ ने घेतलं तर गाडी साधारण २७ अंश कलावी लागते. तेच ताशी ७२ ने घेतलं तर ४२ अंश. वेग वाढला एक तृतीयांश, आणि कल दीडपटीहून जास्त. एवढं कलायचं म्हणजे टायरला रस्त्याची तेवढी पकड हवी. जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये वेग वाढला की चाक भिंतीवर आणखी दाबलं जातं, पकड वाढते. साध्या रस्त्याच्या वळणावर तसं काही होत नाही. तिथे वजन तेवढंच राहतं, मागणी वाढत जाते. त्यात कडेला खडी किंवा उसाचं पाचट पडलेलं असलं की विषय संपला.

आणि ओझं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, ते जगाने पाहिलं. पण टँकरपासून घरापर्यंतचं पाणी सायकलींवर आणि मोटारसायकलींवर आलं. वीस-वीस लिटरच्या दोन कॅन म्हणजे चाळीस किलो. ज्यांनी वाहिलंय त्यांना तीन गोष्टी आपोआप कळल्या. दोन्ही बाजूंना सारखं वजन टांगलं तर ते सोसतं. हँडलला टांगलेली कॅन मात्र झुलते आणि जे हँडल आपोआप वळायला हवं त्यालाच अडवते. अर्धी कॅन भरलेलीपेक्षा वाईट, कारण पाणी हिंदकळतं. चौथी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. वजन मागच्या चाकाच्याही मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं. पुढचं चाक हलकं झालं की तोल सांभाळणारा हातच सुटल्यासारखं होतं.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि केंद्र सरकारच्याच अहवालानुसार त्यातली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. सगळ्याला तोलाचं अज्ञान कारण आहे असं मी म्हणत नाही. रस्ते, दारू, हेल्मेट नसणं, रात्रीचे बिनदिव्याचे ट्रॅक्टर, पुष्कळ कारणं आहेत. पण आपण आठ आकडे काढून किंवा न काढता लायसन्स घेतो आणि गाडी ‘येते’ असं समजतो. हाताला येतं ते सायकलच्या वेगाचं. मोटारसायकलच्या वेगाला, ब्रेकला, ओझ्याला काय होतं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. फार चांगलं काम आहे. एका सायकलीमुळे मुलीची शाळा टिकते. माझं म्हणणं एवढंच की त्या सायकलीसोबत एक तास द्या. बेळगावच्या दुकानाने १८८८ साली गिऱ्हाइकाला दिला होता तसा. शाळेच्या मैदानात सीट धरून सायकल तिरकी करून दाखवा, हँडल कसं वळतं ते बघू द्या. पुढचं चाक उचलून हँडल हलवून बघायला शिकवा. ते मध्येच अडकत असेल तर छर्रे गेले समजायचं, आणि अशी सायकल सरळ जात नाही, कारण तिला स्वतःला सावरायला मोकळीक उरलेली नसते. गल्लीतला कोणताही जुना सायकल मिस्त्री हे पाच मिनिटांत दाखवील. त्यालाच वर्गात बोलवा. विज्ञानाच्या बाई फळ्यावर काठीचं चित्र काढतील, मिस्त्री छर्रे काढून दाखवील. त्या मुलींपैकी निम्म्या चार वर्षांनी स्कूटीवर असतील, मोठ्या रस्त्यावर असतील. तेव्हा त्यांच्या हाताला जे येतं ते त्यांना समजलेलंही असावं.

इथेच थांबतो. बाहेर गाडी काढताना एकदा पुढच्या टायरची हवा बघून घ्या.